मिस व्हर्लीनची हरकत

मिझेरला गाडी उभी राहून सव्वीस मिनिटं झाली, तेव्हा तिसऱ्या डब्यातल्या टोपीवाल्या गृहस्थांनी व्हर्लीन सोनिएला तोच प्रश्न विचारला, जो गेली एकतीस वर्षं रोज कुणी ना कुणी तिला विचारत आलं होतं.

"बाई, आधी जायचा हक्क कुणाचा? आपला की मालगाडीचा?"

"आपला," व्हर्लीन म्हणाली.

"कायद्यात आहे तसं?"

"पन्नास वर्षं झाली लिहून."

"मग आपण का उभे आहोत?"

"कारण आपण मावतो."

गृहस्थांना वाटलं बाई थट्टा करतेय. पण ती थट्टा नव्हती. रूळ एकच. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीने बाजूच्या रुळावर व्हायचं आणि दुसरी जाऊ द्यायची. मिझेरचा बाजूचा रूळ सव्वा मैलाचा, आणि हल्लीच्या मालगाड्या अडीच-अडीच मैलांच्या. व्हर्लीनच्या गाडीला डबे पाच. आता भाताच्या खाचरांतल्या अरुंद बांधावर समोरून बैल आला तर बाजूला कोण होतं? हक्क कुणाचा, हे बैलाला कोण समजावणार? कायदा वॉशिंग्टनला बसून लिहिला होता आणि मालगाडी इथे लांब होत चालली होती. दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

त्यातून रूळही मालगाडीवाल्या कंपनीचे. सिग्नल त्यांचे, गाडीचा रूळ बदलणारे सांधे त्यांचे, आणि दोनशे मैलांवर पडद्यासमोर बसून ते सांधे फिरवणारा माणूसही त्यांचाच पगारी. प्रवासी गाडी ही त्यांच्या घरातली पाहुणी. कायदा म्हणतो, पाहुण्याला आधी वाढा. ज्याचं घर असतं तो मान डोलावतो आणि आधी स्वतःच्या पोरांना वाढतो.

बाजूच्या रुळाला रेल्वेचे लोक 'बीळ' म्हणतात. हे बीळ ज्या ठिकाणी होतं, त्याचं नाव जुन्या फ्रेंच शेतकऱ्यांनी मिझेर असं ठेवलेलं. मिझेर म्हणजे हाल. नाव ठेवणारा दूरदृष्टीचा असला पाहिजे.

व्हर्लीन त्या गाडीची कंडक्टर. तिकिटं तीच तपासणार, दारं तीच लावणार, म्हाताऱ्यांच्या पिशव्या तीच उचलणार, आणि गाडी अडली की शिव्याही तीच खाणार. रोज सकाळी सहा वीसला पोर्त मारीहून निघायचं, सात दहाला सेंट ओदील, आठ चाळीसला शहर, आणि संध्याकाळी परत. असं वेळापत्रकात छापलं होतं. छापायला काय जातं?

तिचे वडील याच रुळांवर गँगमध्ये होते. उन्हातान्हात स्लीपर बदलून बदलून त्यांची पाठ कायमची वाकली. व्हर्लीन आधी साखर कारखान्याच्या कचेरीत कामाला होती. नवरा गेला आणि कारखानाही बंद पडला, तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर तिने रेल्वेचा गणवेश चढवला. पहिल्या दिवशी वडील म्हणाले, "पोरी, रूळ आपण घातले म्हणून आपले होत नाहीत, एवढं लक्षात ठेव." तिने लक्षात ठेवलं, पण पटवून कधी घेतलं नाही.

आईची शिकवण निराळी होती. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही. दारात विकायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, पाद्र्याला नाही म्हणायचं नाही, वाढणाऱ्याला तर नाहीच नाही. पोट फुटायची वेळ आली तरी "थोडंसंच घाला" म्हणायचं. सेंट ओदीलच्या बाजूची सगळी माणसं अशीच. तिथे दोन मोटारी चौकात समोरासमोर आल्या की दोघं एकमेकांना "आधी तुम्ही" असा हात करत बसतात आणि मागे रांग लागते.

त्यामुळे रोज सकाळी रेडिओवर जे व्हायचं त्यात व्हर्लीनला कधी काही वावगं वाटलं नाही. पलीकडे रेमी डोमँग. सांधे फिरवणारा तोच. चौदा वर्षं तिने त्याचा आवाज ऐकला होता, तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"मिस व्हर्लीन, गुड मॉर्निंग. आई कशी आहे विचारणार होतो, मग आठवलं की आजारी आहे ती तुमची बहीण."

"बहीण बरी आहे, बाळा. बोल."

"मिझेरला जरा बिळात थांबाल का? एक मोठं धूड येतंय समोरून."

"थांबते की बाळा. काही हरकत नाही. थँक्यू."

मग ती रेडिओ खाली ठेवायची, दात-ओठ खायची आणि उशिराच्या वहीत लिहायची: मिझेर, सहा चव्वेचाळीस, मालगाडीसाठी थांबलो. धूड गेलं की वेळ लिहायची. कधी एकतीस मिनिटं, कधी पन्नास, एकदा दीड तास. हस्ताक्षर मोत्यासारखं. रागात असताना तर अधिकच सुरेख यायचं.

ती बहीण म्हणजे एल्डा. व्हर्लीनपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. व्हर्लीनच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तीच उभी राहिली होती, म्हणून व्हर्लीन एकसष्ट वर्षांची झाली तरी तिला 'नानन' म्हणते. एल्डा सेंट ओदीलला आईवडिलांच्याच घरात राहते, रुळांच्या अगदी पाठीमागे. नवरा देवाघरी. मुलगा समुद्रात तेलाच्या विहिरीवर, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस इकडे, आणि इकडचे निम्मे दिवस झोपेत.

दोन वर्षांपूर्वी एल्डाच्या डोळ्यांतला मधलाच भाग विझायला लागला. समोरच्या माणसाची टोपी दिसायची, बूट दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं टिकवता येईल. दर पाच आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन. शहरात, मंगळवारी, साडेनऊला. तो डॉक्टर आठवड्यात फक्त मंगळवारीच यायचा, आणि त्याच्या दारात अख्ख्या परगण्यातले मंद डोळे रांग लावून बसलेले असायचे. उशीर झाला की नंबर गेला, आणि पुढची तारीख महिना-सव्वा महिन्याने.

एल्डा मोटार चालवू शकत नव्हती. बस त्या रस्त्याने नव्हती. होती ती व्हर्लीनची गाडी. त्या गाडीने एल्डाच्या तीन तारखा मिझेरच्या बिळात घालवल्या. तिसऱ्यांदा नंबर गेला त्यानंतर उजवा डोळा गेल्यातच जमा झाला. आता जे काही होतं ते डाव्यावर.

"तुझ्या गाडीपेक्षा मी चालत गेले असते तर दोन्ही डोळे शाबूत राहिले असते," एल्डा एकदा म्हणाली.

"चालत जाताना डबक्यात पडली असतीस."

"पडले असते, पण वेळेवर पडले असते."

यावर दोघी हसल्या, पण व्हर्लीनला त्या रात्री जेवण गेलं नाही. बहिणीचा डोळा आपल्या हातून जातोय आणि आपण त्याची वेळ सुंदर अक्षरात लिहून ठेवतोय, असं तिला वाटत राहिलं. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

त्याच वर्षी राज्य सरकारने कळवलं की दहातल्या आठ फेऱ्या वेळेवर होत नसतील तर ही गाडी चालवण्यात अर्थ नाही, डिसेंबरअखेर बंद करू. दहातल्या तीन होत होत्या, त्याही बहुतेक संध्याकाळच्या. मग मात्र प्रवासी कंपनीला कायद्याची आठवण झाली आणि तिने मालगाडीवाल्यांवर तक्रार ठोकली. आधी जायचा हक्क आमचा, तुम्ही तो पायदळी तुडवता, एवढं साधं म्हणणं. कंपनीची वकील मिस पेटिग्रू, तिशीची, चटपटीत, व्हर्लीनच्या वह्या चाळून अक्षरशः नाचली.

"मिस व्हर्लीन, हे सोनं आहे सोनं! तारीख, वेळ, ठिकाण, कारण. तुम्ही फक्त साक्षीला या आणि हे असंच सांगा."

"एवढंच?"

"एवढंच. ही केस तुमच्या वहीनेच जिंकलीय असं समजा."

वकील 'समजा' म्हणाला की काय समजायचं असतं, हे व्हर्लीनला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सुनावणी शहरात झाली. रेल्वेचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधीश कॅरवेबाई वॉशिंग्टनहून आल्या होत्या. व्हर्लीनने धुतलेला गणवेश घातला होता आणि सकाळपासून कॉफीखेरीज पोटात काही नव्हतं. तिची साक्ष झकास झाली. वही वाचली, तारखा सांगितल्या, मिझेर कुठे आहे ते नकाशावर दाखवलं. मग मालगाडीवाल्यांचे वकील स्ट्रेअर उठले. उंच, पिकल्या केसांचे, अतिशय नम्र. व्हर्लीनला ते बघताक्षणी आवडले, इथेच तिचं चुकलं.

"मिस सोनिए, एक आवाज ऐकवतो. ओळखीचा वाटतो का बघा."

त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. रेमी म्हणाला, मिझेरला जरा बिळात थांबाल का. आणि व्हर्लीन म्हणाली, थांबते की बाळा, काही हरकत नाही, थँक्यू.

"हा आवाज तुमचा?"

"माझाच."

त्यांनी दुसरी सकाळ लावली. काही हरकत नाही. तिसरी लावली. काही हरकत नाही, थँक्यू बाळा. अकरा सकाळी ऐकवल्या. एकीत व्हर्लीनला सर्दी झाली होती, तरी शिंकून ती म्हणालीच होती, काही हरकत नाही. टंकलेखन करणारी बाई ओठ दाबून हसू आवरत होती. शेवटी न्यायाधीश म्हणाल्या, "मिस्टर स्ट्रेअर, आम्हाला कळलं."

"अशा दोनशे चौदा आहेत, मॅडम," स्ट्रेअर म्हणाले आणि व्हर्लीनकडे वळले. "मिस सोनिए, तुम्ही म्हणालात, हरकत नाही."

"म्हणायचं असतं तसं."

"मनातून हरकत होती?"

"होती. रोज होती."

"मग बोलून का नाही दाखवलीत?"

आईचं नाव घ्यावं की घेऊ नये, असं व्हर्लीनच्या मनात येऊन गेलं.

"कायद्याने तुम्हाला आधी जायचा हक्क दिला होता," स्ट्रेअर हळुवार आवाजात म्हणाले. "माझ्या अशिलांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही तो हक्क आपखुशीने सोडलात. एकदा नाही, दोनशे चौदा वेळा. आणि वर थँक्यू म्हणालात. मग आमचं चुकलं काय?"

"साहेब, गर्दीत कुणी तुमचा पाय तुडवला आणि विचारलं, 'लागलं का हो?' तर तुम्ही काय म्हणता?"

"प्रश्न मी विचारतो, मिस सोनिए."

"तुम्हीही 'नाही लागलं' असंच म्हणत असणार. म्हणून काय पाय दुखत नाही?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. पण पेटिग्रू हसत नव्हती, आणि तिचा पांढरा पडलेला चेहरा बघून व्हर्लीनला कळलं की आपण विनोद केलाय, उत्तर दिलेलं नाही. एकतीस वर्षांच्या मोत्यासारख्या अक्षरांवर तिच्याच तोंडच्या तीन शब्दांनी बोळा फिरवला होता. जागेवर येऊन बसताना तिचे कान तापले होते. भलेपणाची ही फळं! तिने आयुष्यात एकदा तरी रेडिओवर आरडाओरडा केला असता, चार इरसाल शिव्या हासडल्या असत्या, तर आज त्या पुराव्यात धरल्या गेल्या असत्या. सभ्य माणसाचा पुरावा उलटाच पडतो.

दुपारी रेमी डोमँग साक्षीला आला. मालगाडीवाल्यांनीच त्याला आणला होता. स्ट्रेअरांनी त्याच्याकडून एवढंच वदवून घेतलं की तो दर वेळी विचारत असे आणि मिस सोनिए दर वेळी होकार देत असत. रेमीने दोन्ही वेळा 'हो सर' म्हटलं. मग पेटिग्रू उठली. तिच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने मनात आलं ते विचारलं.

"मिस्टर डोमँग, तुम्ही 'थांबाल का' असं विचारायचात, त्या वेळी सांधा कुठे असायचा?"

रेमीने स्ट्रेअरांकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे, मग व्हर्लीनकडे.

"बिळाकडे फिरवलेला, मॅडम."

"आधीच?"

"आधीच. दहा-पंधरा मिनिटं तरी. कॉम्प्युटर ठरवतो, मी बटण दाबतो."

"आणि मिस सोनिए नाही म्हणाल्या असत्या तर?"

"काय सांगू मॅडम, चौदा वर्षांत कुणी म्हणालंच नाही."

"सांधा आधीच फिरवलेला असताना तुम्ही विचारत का होतात?"

"विचारायचं असतं म्हणून," रेमी म्हणाला. "आईच्या वयाच्या बाईला मी काय हुकूम सोडायचा? आमच्याकडे नाही तसं करत."

स्ट्रेअर हातातली पेन्सिल खाली ठेवून छताकडे बघत बसले. पेटिग्रू इतकी खूश झाली की आभार मानायचं विसरली. सगळ्यांना कळलं की पारडं फिरलं. व्हर्लीनलाही कळलं. पण तिला आनंद झाला नाही. वकिलाने सगळ्यांसमोर उभं जाळलं तेव्हा झाला नव्हता इतका राग तिला आता आला. चौदा वर्षं तिला वाटत होतं की आपल्याला विचारतात. उशीर होतोय, लोक बोलतायत, बहिणीचा डोळा जातोय, पण निदान कुणीतरी आपल्याला माणूस समजून विचारतंय. त्याच्या बदल्यात ती गप्प बसली होती. आणि विचारणाऱ्याने बटण आधीच दाबलेलं होतं.

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी तो आवाज आला. "मिस व्हर्लीन?"

ती वळली. चाळिशीचा, काटकुळा, जाड भिंगांचा चष्मा.

"मला वाटायचं तू जाडजूड असशील," ती म्हणाली.

"रागावलात?"

"हो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर, त्या वकिलावर, आणि माझ्या मेलेल्या आईवर. चौदा वर्षं तुझे आभार मानले रे मी! कशाबद्दल?"

रेमीने यंत्रातून तिच्यासाठी कॉफी काढली आणि कप तिच्या हातात दिला.

"तुला आता काढून टाकतील का?" तिने विचारलं.

"काढणार नाहीत. उत्तरेकडच्या टेबलावर टाकतील. तिकडे नुसती कोळशाची वाहतूक. बोलायलासुद्धा कुणी नसतं."

तिने कॉफी घेतली. थँक्यू मात्र म्हणाली नाही, आणि ते न म्हटलेलं तिला दिवसभर टोचत राहिलं.

निकाल दोन महिन्यांनी लागला. सांधा आधी फिरवून मागाहून विचारलेली परवानगी ही परवानगी नव्हे, असं कॅरवेबाईंनी लिहिलं. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारपासून सकाळची प्रवासी गाडी आधी सुटणार. बिळात न मावणारी मालगाडी शहराच्या यार्डातच रोखून धरायची, प्रवासी गाडी शहरात पोचेपर्यंत. राज्य सरकार म्हणालं, ठीक आहे, वर्षअखेरपर्यंत बघू, दहातल्या आठ आल्या तर गाडी राहील. मालगाडीवाले अपिलात गेले, आणि त्यांनी नोटीस धाडली की यापुढे प्रवासी गाडी स्वतःच्या चुकीने एक मिनिट जरी रेंगाळली तरी ते मिनिट आम्ही न्यायालयापुढे ठेवू. स्ट्रेअर घड्याळ घेऊनच बसले म्हणायचे.

प्रवासी कंपनीने सगळ्या कंडक्टरना एक छापील कार्ड दिलं. बिळात जायला सांगितलं तर रेडिओवर स्पष्ट म्हणायचं: आमची हरकत आहे. बाकी काही बोलायचं नाही. गुड मॉर्निंग नाही, बाळा नाही, थँक्यू तर मुळीच नाही.

आदल्या रविवारी व्हर्लीन सेंट ओदीलला जेवायला गेली. एल्डाने भात आणि डुकराच्या मटणाचा दाट तपकिरी रस्सा केला होता. चाचपडत करते, पण मीठ आजही तसूभर चुकत नाही. जेवण झाल्यावर तिने बहिणीची तालीम घेतली.

"मी रेडिओवाला. मिझेरला बिळात जा. हं, म्हण."

"आमची हरकत आहे, सर."

"सर कशाला?"

"तोंडातून आलं."

"परत. बिळात जा."

"आमची हरकत आहे. माफ करा."

"अगं, माफी कसली मागतेस! नवऱ्यावर ओरडायचीस तशी म्हण."

"त्याच्यावर मी कधी ओरडले?"

"म्हणूनच तो लवकर गेला. चवच नव्हती जगण्यात. परत म्हण!"

सातव्या वेळेला जमलं. एल्डाने टाळ्या वाजवल्या. मंगळवारी तिची तारीख होती, साडेनऊची. डाव्या डोळ्यासाठी.

"सातला फलाटावर ये हां, नानन. गाडी वेळेवर येणार आहे."

"जन्मभर तुझी गाडी पकडतेय मी. मला शिकवू नकोस. तू तुझं वाक्य पाठ कर."

मंगळवारी सहा वीसच्या ठोक्याला गाडी पोर्त मारीहून सुटली. मिझेर जवळ आलं तसा रेडिओ खरखरला. परका, कोरडा आवाज. गुड मॉर्निंग नाही, नाव नाही.

"मिझेरला बाजूला घ्या."

नव्या माणसाला निकाल कळला नव्हता की कळूनही जुन्या वळणाने बोलत होता, देव जाणे. व्हर्लीनने रेडिओ तोंडाशी धरला.

"आमची हरकत आहे."

पलीकडे काहीच नाही. तिची जीभ शिवशिवत होती. सॉरी म्हणावं, कसे आहात विचारावं, मुलाबाळांचं विचारावं. तिने ओठ घट्ट मिटले. इंजिनातल्या ड्रायव्हरने वेग कमी केला. दोन मिनिटं गेली. मग ड्रायव्हरचाच आवाज आला, लहान मुलासारखा चिरका झालेला: "मिस व्हर्लीन, हिरवा! मुख्य रुळावर हिरवा आहे!"

गाडी मिझेरच्या रिकाम्या बिळाशेजारून धडधडत निघाली. एकतीस वर्षांत त्या जागी सकाळची गाडी न थांबता धावताना व्हर्लीनने दहा वेळासुद्धा पाहिली नव्हती. तिला एकदम हसू आलं. दुसऱ्या डब्यात जाऊन तिने उगाच ओरडून सांगितलं, "सेंट ओदील, सात दहा!" एका बाईने आश्चर्याने विचारलं, "आजचेच ना?"

सात दहाला गाडी सेंट ओदीलला लागली. व्हर्लीनने दार उघडलं, पायरी टाकली आणि खाली उतरली.

फलाटावर कुणी नव्हतं.

एरवी मंगळवारी सहा-सात माणसं तरी असतात. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मोटारी लावायच्या जागेत एकही मोटार नव्हती. गाडीने इथे दोन मिनिटं थांबायचं. तिने फोन काढून एल्डाला लावला. चार घंट्या झाल्यावर एल्डाने उचलला.

"नानन, आहेस कुठे तू?"

"घरात. कॉफी पितेय. तू कुठे आहेस, मिझेरला का?"

"मी फलाटावर आहे! गाडी आली आहे!"

"कसं शक्य आहे? अजून मालगाडी गेली नाही."

"काय?"

"अगं, मालगाडी घरामागून गेली की कपाटातल्या बशा वाजतात. बशा वाजल्या की मी कप विसळते आणि निघते. मी येते तोवर तुझी गाडी येते. सगळं गाव असंच निघतं. मला घड्याळ कुठे दिसतंय आता?"

मालगाडी शहराच्या यार्डात रोखून धरलेली होती. ती रोखून धरण्यासाठीच तर सगळी भांडणं झाली होती. ती आज एल्डाच्या घरामागून आधी जाणारच नव्हती, आणि उद्याही नाही.

"किती वेळ लागेल तुला यायला?"

"काठी घेऊन? बारा मिनिटं."

सात अकरा झाले होते. बारा मिनिटं थांबलं तर ती कंपनीची स्वतःची मिनिटं. पहिल्याच दिवशी. कंडक्टरने सख्ख्या बहिणीसाठी गाडी रोखली, असं स्ट्रेअर अपिलात अदबीने वाचून दाखवतील. आणि दहातल्या आठ आल्या नाहीत तर जानेवारीपासून एल्डाला मंगळवारही नाही आणि गाडीही नाही. हे सगळं व्हर्लीनच्या डोक्यात एका दमात येऊन गेलं. ड्रायव्हर खिडकीतून डोकावून तिच्याकडे बघत होता.

"नानन, मला निघायला हवं."

"म्हणजे? मी बूट घालतेय."

"मला थांबता येत नाही. आज नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काठी पडल्याचा. सात बारा. व्हर्लीनने पायरी उचलली, हात केला, आणि गाडी हलली. फोन तिच्या कानालाच होता.

"आणि माझा डोळा?" एल्डाने विचारलं.

"मी दवाखान्यात सांगते. लवकरची तारीख मागते. पाया पडते त्यांच्या."

"डिसेंबरशिवाय देणार नाहीत."

"मला ठाऊक आहे."

गाडी वळण घेऊन घरामागे आली. मागच्या पायऱ्यांवर एल्डा उभी होती. एका पायात बूट, हातात फोन. तिला डबे सरकताना दिसत असतील, त्यातलं कुणी दिसत नसेल. दारात उभ्या व्हर्लीनने तरीही हात हलवला.

"व्हर्लीन," फोनमध्ये एल्डा म्हणाली, आणि तिच्या आवाजात ना राग होता ना थट्टा, "उशिरा येत होतीस तेव्हा मला घेऊन तरी जात होतीस ग."

तोवर घर मागे गेलं होतं आणि भाताची कापलेली खाचरं सुरू झाली होती. व्हर्लीनने फोन खिशात टाकला. वहीत लिहिलं: सेंट ओदील, आगमन सात दहा, प्रस्थान सात बारा, चढलेले प्रवासी शून्य. मग ती पुढच्या डब्यात तिकिटं बघायला गेली.